दातपरीचा घासलेला डॉलर

टण्ण.

मग घटकाभर नुसती घरघर, आणि पुन्हा टण्ण.

दुपारची वेळ होती. बाहेर बर्फ पडून अमेरिकेच्या उत्तरेतलं हे सगळं डलूथ गाव चिडीचूप झालं होतं. घरातही कोणाचा आवाज नव्हता. तळघरातल्या ड्रायरमध्ये मोजे, टॉवेल आणि एका छोट्या जीन्सच्या गर्दीत मी गरगरत होतो आणि दर फेरीला पत्र्यावर डोकं आपटून घेत होतो. मित्रांनो, माझ्यासारख्याच्या अंगावर एक ओरखडा उठू नये म्हणून माणसं श्वास रोखून धरतात. आणि मी इथे मोज्यांबरोबर भाजून निघत होतो.

मी एक जुना डॉलर आहे. नोट नव्हे, नाणं. सोनेरी होतो, आता तपकिरी आहे, आणि मध्ये मध्ये भलताच पिवळाही. त्याची हकिगत पुढे येईलच. माझ्या एका बाजूला पाठीशी बाळ बांधलेली एक तरुण आई आहे, मान वळवून बघणारी. दुसऱ्या बाजूला उडणारा गरुड. आईकडे कोणी बघत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर त्याच गोष्टीवर पुन्हा चिडायला नको.

माझा जन्म टांकसाळीतला. खाली एक पोलादी ठसा, वर एक पोलादी ठसा, मधे आमची कोरी चकती, आणि मग असा दणका की जन्मभर कान वाजावेत. झालं नाणं. पण गरुडाच्या ठशावर कशाचा तरी बारीक ओरखडा पडलेला होता. ठशावर खाच असली की धातू तिच्यात चढतो आणि नाण्यावर तेवढाच उंचवटा येतो. त्यामुळे माझ्या गरुडाच्या मानेपासून पंखापर्यंत केसाएवढी एक रेघ आहे, वर आलेली. ठसा लवकरच बदलला गेला. माझी भावंडं तशी थोडीच. पुढे नाणी जमवणाऱ्यांनी आम्हाला नाव दिलं, ‘दोरेवाला गरुड’, आणि ते आमच्यासाठी वेडे झाले.

वेडे झाले म्हणजे काय, तर मला सोडून सगळीकडे शोधू लागले.

तोवर मी काय काय सोसलं ते विचारू नका. या देशातल्या लोकांना कागदी डॉलर प्यारा. चुरगळला, फाटला, दोन दिवस ओल्या खिशात राहिला तरी चालतो. नाण्यातला डॉलर हातात आला की तोंड वाकडं करतात. दुकानातल्या मुलीने मला पाव डॉलर समजून चिल्लरीत फेकलं. सरबताच्या यंत्राने मला गिळलं आणि पुन्हा थुंकलं. बसच्या ड्रायव्हरने उलटसुलट करून विचारलं, हे चालतं का अजून? अरे, चालतं म्हणजे? माझ्या अंगावर लिहिलंय! पण वाचतो कोण. शेवटी ज्याच्या त्याच्या हातून मी बँकेतच परत जायचो, आणि बँक मला पंचवीस जणांत कोंबून कागदी नळीत बंद करायची.

अशाच एका नळीतून मी आर्विडच्या टेबलावर आलो.

आर्विड म्हणजे आयुष्यभर गोदीवर बोटींमध्ये लोहखनिज भरत आलेला माणूस. हात फावड्यासारखे, बोलणं कमी, कॉफी जास्त. बायको गेल्यावर तो मुलीकडे, मार्नीकडे राहायला आला. मार्नी दवाखान्यात काम करते, तिची मुलगी टिली पहिलीत जाते. दर शुक्रवारी आर्विड बँकेतून डॉलरच्या नळ्या आणतो, स्वयंपाकघराच्या टेबलावर हिरवं कापड पसरतो, दिवा आडवा करतो आणि एकेक नाणं भिंगाखाली फिरवत बसतो. बघून झालेलं नाणं कॉफीच्या रिकाम्या डब्यात. त्याला दोरेवाला गरुड हवा होता. विकत नको होता. विकत घेणं म्हणजे बाजारातून मासा आणून गळाने धरला म्हणून सांगण्यासारखं, असं तो म्हणायचा.

मार्नी लहान होती तेव्हाच त्याने तिला शिकवलं होतं. “रेघ आत गेलेली असेल तर ती जखम. कोणीतरी नंतर ओरबाडलंय. रेघ वर आलेली असेल तर ती जन्मखूण. जखमेला किंमत नाही, जन्मखुणेला आहे.” आणि दुसरा नियम, त्याहून कडक: नाणं धरायचं ते कडेला. तोंडावर बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागतं, डाग पडतो, नाणं बाद होतं. या घरात जेवणाच्या टेबलावर कोपर ठेवलेलं चालतं, नाण्यावर बोट चालत नाही.

याच नियमाने माझा घात केला.

आर्विडचे डोळे जात चालले होते. कडेचं दिसायचं, मधलंच दिसायचं नाही. ज्या गोष्टीकडे रोखून बघावं तीच पुसून जायची. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याने घरी सांगितलं नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढंच म्हणाला. पण कपाच्या शेजारी ओतलेली कॉफी पुसताना मार्नीला सगळं कळलं होतं. आपल्याला कळलंय हे तिनेही सांगितलं नाही. हा वसंत येईतो भिंगाचा उपयोग संपेल, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघं एकमेकांशी बर्फाविषयी बोलत होते.

त्या शुक्रवारी त्याने मला कडेला धरलं, दिव्याखाली फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. मी जीव मुठीत धरून होतो. “ओरखडलेलं दिसतंय,” तो पुटपुटला, आणि मला डब्यात टाकलं. बोट लावलं असतं ना, मित्रांनो, एकदा नुसतं बोट! वीस वर्षं ज्याला शोधतोय तो हातात, आणि हा गृहस्थ मला कॉफीच्या डब्यात टाकून दुसऱ्या नाण्याला हात घालतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तोंड आहे, पण ते त्या आईचं, आणि ती बाळाकडे बघण्यात गुंतलेली.

पुढच्याच आठवड्यात टिलीचा समोरचा दात पडला. उशीखालचा दात उचलून दातपरी तिथे सोनेरी डॉलर ठेवून जाते, अशी इथली रीत. या घरातली परी कॉफीच्या डब्यात हात घालते आणि दवाखान्याचा पोशाख घालून, अनवाणी, जिन्याच्या करकरणाऱ्या पायरीवर पाय न देता वर जाते. तिच्या हाताला मी लागलो.

सकाळी टिलीने मला पाहिलं आणि म्हणाली की परीचा डॉलर मळका आहे, परी इतक्या दातांना हात लावते, दुसरं काय होणार. आणि तिने मला घासलं. स्वतःच्या ब्रशने, निळ्या पुदिन्याच्या पेस्टने, शाळेत शिकवलं होतं तसं वर-खाली, वर-खाली, गाणं संपेपर्यंत.

आता तुम्हाला वाटेल, स्वच्छ झाला, बरं झालं. काही बरं झालं नाही! नाण्यावरची जी झिलई टांकसाळीतून येते, ती एकदा गेली की गेली. वर्षानुवर्षांच्या मळाला शोधणारे मान देतात, चकाकीला नाही. घासलेलं नाणं त्यांच्या लेखी मेलेलं नाणं. पण ती पोर मला उन्हात धरून इतकी हसली, पडलेल्या दाताची खिडकी दाखवत, की मला धड रागावताही येईना. वैताग झाला तो वेगळाच.

मग ती मला रोज खिशात घेऊन शाळेत जाऊ लागली; रात्री मी तिच्या छोट्याशा दाताच्या डबीत. एके दिवशी खिसा तसाच धुवायला पडला. आणि म्हणून, टण्ण.

मार्नीने ड्रायर थांबवला, टॉवेल झटकले, मला उचललं. घाईत होती, ओल्या-गरम हाताने धरलं, कडेला वगैरे काही नाही. तिचा अंगठा माझ्या गरुडावरून गेला आणि थांबला. परत गेला. मग ती तळघराच्या खिडकीशी आली, मला तिरकं धरलं आणि तिथेच कपड्यांच्या टोपलीवर बसली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येताना तिने मला ड्वेनच्या नाण्यांच्या दुकानात नेलं. ड्वेन आर्विडला ओळखतो. त्याने भिंग लावलं, आणि हळूच शीळ घातली. मग नाकाशी नेऊन हुंगलं.

“दोरेवाला गरुडच आहे,” तो म्हणाला. “जसाच्या तसा असता तर एक बरी जुनी गाडी आली असती, मार्नी. पण याला कुणी दात घासायला बसवलं होतं?”

“माझ्या मुलीने.”

“छान घासलाय. एक दाढ सोडली नाही.” त्याने मला परत दिलं. “ओळखीखातर पंधरा-वीस डॉलर देईन. परीक्षण करून डबीबंद करणाऱ्यांकडे पाठवलंस तर ते ‘घासलेला’ म्हणून चिठ्ठी लावतील आणि वर तुझ्याकडूनच पैसे घेतील. म्हाताऱ्याला काय सांगणार आहेस?”

तिने मला मुठीत धरलं आणि ती दुकानाबाहेर पडली.

गाडीत बसल्यावर ती बराच वेळ निघालीच नाही. काचेवर बर्फ साठत होतं. सांगावं, तर आर्विडला कळणार की तो त्याच्या हातात आला होता आणि त्याला दिसला नाही. न सांगावं, तर तो वसंतापर्यंत नळ्या फोडत राहणार आणि मग रिकाम्या हाताने भिंग पेटीत ठेवणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि खिशात मी.

शुक्रवारी आर्विड नळ्या टेबलावर ठेवून अंगणातलं बर्फ काढायला गेला. मार्नीने चमच्याच्या दांड्याने एका नळीचं तोंड उकललं, वरचं नाणं काढलं, त्या जागी मला बसवलं आणि कागद पुन्हा दुमडला. काढलेलं नाणं तिने टिलीच्या दाताच्या डबीत टाकलं. नाणी जमवणाऱ्याची मुलगी ती! रेघ आत की बाहेर हे शिकत वाढलेली. आणि तिला वाटलं, टिलीला डॉलर सगळे सारखेच.

मित्रांनो, माझी विनंती मी आत्ताच करून घेतो, कारण पुढे काय होईल ते मलाच कळत नाहीये. जुनी वस्तू हातात आली तर लगेच घासायला धावू नका. तिचा मळ तिच्याजवळ असू द्या. पण तिला इतकंही जपू नका की हातच लावायचा नाही. बोट लावल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. आणि कधीतरी नाणं उलटून त्या आईकडेही बघा. झालं माझं.

आर्विड आत आला, बूट झटकले, कॉफी ओतली. या खेपेला कपातच. नळी फोडली. पहिलाच मी. त्याने मला कडेला धरून दिव्याखाली नेलं आणि त्याचा चेहरा आंबट झाला. माझा पिवळेपणा त्यालासुद्धा दिसला. नाकाला पुदिना लागला. कोणत्या गाढवाने हे घासलंय, असं तो बडबडला. देव अक्कल वाटत होता तेव्हा हे लोक कुठे होते, असंही. मार्नी भांडी विसळत होती. तिच्या हातातली बशी नळाखाली तशीच राहिली.

मला वाटलं, संपलं. पुन्हा डबा.

पण मी बाद होतो ना आता. बाद नाण्याला कसला नियम? कीव आल्यासारखा त्याने सहज, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, आपला रुंद अंगठा माझ्या गरुडावरून फिरवला.

अंगठा थांबला.

मग नख आलं. खनिजाने जाड झालेलं, काळं नख. मानेपासून पंखापर्यंत. हळू. परत पंखापासून मानेपर्यंत.

“मार्नी,” तो म्हणाला, “इकडे ये. ही रेघ बघ. आत आहे की वर?”

ती हात पुसत आली, वाकली, पाहिल्यासारखं केलं. “वर आहे, बाबा.”

“नीट बघ.”

“वर आहे. जन्मखूण आहे.”

त्याने भिंग काढून ठेवलं. डोळे मिटले आणि पुन्हा नख फिरवलं, मिटल्या डोळ्यांनी जास्त नीट दिसत असल्यासारखं. “घासलंय,” तो म्हणाला. “कवडीची किंमत नाही याला आता.” आणि तो हसत होता. वीस वर्षांचा गळ, आणि मासा मेलेला निघाला तरी आपल्याच गळाला लागलेला. “यायला वेळ लावलास,” असं त्याने मला म्हटलं. मला! माझं काय झालं असेल, तुम्हीच कल्पना करा.

मार्नीने खुर्चीच्या पाठीवरून त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली. असं घर मी कुठल्याच खिशातून पाहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात टिली शाळेतून आली, बर्फाळलेली टोपी डोक्यावर तशीच. आजोबांनी तिला मांडीवर ओढलं, बघ बँकेतून काय सापडलं म्हणाले, आणि मला तिच्या तळहातावर ठेवलं. तिने मला पाहिलं. हुंगलं. माझ्या अक्षरांच्या खाचेत अडकलेला निळा कण नखाने टोकरला.

मग ती मांडीवरून उतरली, वर गेली, आणि डबी घेऊन खाली आली. झाकण उघडून तिने आतल्या नाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. आर्विडचा अंगठा हवेतच राहिला होता.

“आई, हा माझ्या दाताचा डॉलर आहे,” ती म्हणाली. “मग डबीतला हा कोणाच्या दाताचा?”