उत्पादकाचं नाव

"बॅटरी मिळायची न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या आणि वाकून त्यांनी तिच्यावर गोणपाट सारलं.

मुळशी धरणाच्या कडेला, पर्यटकांच्या गाड्या थांबतात तिथं त्यांची भाजलेल्या कणसांची हातगाडी आहे. निखाऱ्यांना वारा घालणारा छोटा पंखा बॅटरीवर चालतो. गोणपाटाखालची बॅटरी माझ्या वडिलांनी, आबांनी बनवलेली. तिच्याशेजारी कंपनीची नवीकोरी बॅटरी नुसतीच पडून होती. जुनीच्या बदल्यात तीही आबांनीच आणून ठेवली होती, वारण्याच्या सहा दिवस आधी.

"मावशी, आबांच्या बाकी सगळ्या बॅटऱ्या परत आल्या. एवढी एकच राहिलीय."

"म्हनूनच देत न्हाई."

पौडला आबांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान. मेलेली बॅटरी उघडायची, खराब प्लेटा बदलायच्या, ॲसिड भरायचं आणि वर पिवळं स्टिकर चिकटवून विकायची. स्टिकरवर माझं नाव: वृषाली बॅटरी. मी दुसरीत असताना त्यांनी ते छापून घेतलं होतं. गिऱ्हाईक विचारायचं, "टिकंल का?" आबा म्हणायचे, "पोरीचं नाव लावलंय. खोटं लावीन व्हय?"

मी हिंजवडीत, परदेशातून बॅटऱ्या मागवणाऱ्या कंपनीत काम करते. कंपनीची सरकारदरबारी नोंदणी, विकलेल्या मालाच्या प्रमाणात जुन्या बॅटऱ्या गोळा होऊन परवानाधारक कारखान्यात गेल्या की नाही, त्याचं वर्षाचं विवरणपत्र, हे सगळं माझ्याकडे. गेल्या दिवाळीत घरी आले तेव्हा आबांच्या फळीवर ती पिवळी स्टिकरं नेहमीसारखीच रांगेत होती. मला मात्र ती पहिल्यांदाच दिसली.

"आबा, जुनी बॅटरी दुरुस्त करून स्वतःच्या नावानं विकली, तरी आता कायद्यानं तुम्ही उत्पादक ठरता."

"म्हंजी तुज्या सायबावानी?"

"हो, तसंच."

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ते सगळ्यांना सांगत होते, "सरकार आमाला उत्पादक म्हनतंय."

"मग कुशाबा, आता टाय बांद," टपरीवर रोज बसणारे अण्णासाहेब म्हणाले. "त्या शर्टावर लई शोबंल."

आबांच्या प्रत्येक शर्टाला ॲसिडची बारीक भोकं होती. सगळ्यात मोठ्यानं आबाच हसले.

मी हसले नाही. घरी येऊन मी त्यांना नोंदणी, परवाना, दंड, सगळं सांगितलं. तुमच्या जुन्या प्लेटा भंगारवाला उघड्यावर वितळवतो, तो धूर पोरांच्या अंगात जातो, हेही सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग मी म्हणाले, "आणि आधी माझं नाव काढा त्यांच्यावरून. ऑफिसात कुणी पाहिलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

हे शेवटचं कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

आबा बराच वेळ हात पुसत राहिले. "आन ज्या इकल्या त्या?"

"ज्यानं विकल्या त्यानंच परत गोळा करायच्या," मी म्हणाले. पाठ होतं मला ते.

त्यांनी दुरुस्ती बंद केली. स्कूटरच्या पायाशी नवी बॅटरी ठेवून ते गावोगाव जायचे, ती देऊन आपली घेऊन यायचे. रविवारी फोनवर सांगायचे, "आज नांद्याची आनली. पाच वर्सं झाली, आजून दम हाय तिच्यात." मी लॅपटॉपवर काहीतरी करत "बरं" म्हणायचे.

त्या सोमवारी दुकानाचं शटर उचलताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तुळजाबाईंनी कणीस फिरवलं. "मंगळवारी आला व्हता तुजा बा. मी तवाच म्हनलं, ने बाबा, तुजीच हाय. नवी काडून ठिवली त्यानं. जुनीची वायर सोडली. मग बसला की हितंच, दगडावर. फडक्यानं ते नाव पुसलं. म्हनला, तुळजे, ही नेली की समदं नाव गेलं. परत वायर जोडली. म्हनला, पुडच्या मंगळवारी नेतो."

निखारे पंख्यापुढे लाल होत होते.

"पोरी, रडायचं तर रड. गिऱ्हाईक न्हाई आत्ता."

थोड्या वेळानं त्यांनीच गोणपाट बाजूला केलं आणि वायर सोडली. पंखा हळूहळू थांबला.

"ने. त्यानं घेतल्यालं काम हाय. आर्दं नको ऱ्हायाला."

मी ती उचलली. लहानपणी आबांनी शिकवलं होतं, बॅटरी पोटाशी धरायची, तान्ह्या मुलासारखी, कलू द्यायची नाही. गाडीपर्यंत तशीच नेली.

परवानाधारक कारखान्याचा टेम्पो दुसऱ्या दिवशी दुकानापाशी आला. ड्रायव्हर कैलासनं सगळ्या बॅटऱ्या चढवल्या आणि कागद पुढे केला. "ताई, हितं उत्पादकाचं नाव लागतं. लोकल मालाला कोन लिवत न्हाई. भंगार दाखवू का सरळ?"

"नको."

दर महिन्याला मी असे कितीतरी रकाने भरते. त्या दिवशी पेन आधी बाजूच्या कागदावर चालवून पाहिलं. मग लिहिलं: कुशाबा बहिरू ढमाले, पौड.

"आन ह्या शेवटच्या बॅटरीचं स्टिकर? काडून टाकू?"

"राहू दे. आणि ती उभीच ठेव, आडवी करू नकोस."

ॲसिड अंगावर पडलं तरी त्या दिवशी काही दिसत नाही. आई नेहमी म्हणायची, ते धुतल्यावर कळतं. आठवड्यानं मी धुतलेला कुर्ता वाळत घालायला झटकला, तर पोटापाशी पाच-सहा बारीक भोकं पडली होती. त्यांतून पलीकडचं ऊन दिसत होतं.

आईनं सुई-दोरा आणला. मी कुर्ता तसाच घडी करून आबांच्या शर्टांवर ठेवला.