एक्केचाळीस नंबरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. कुठल्या कारखान्याची ते मलाच सांगावं लागतं, कारण आता दुसरं कुणीही ते सांगणार नाही.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीला एल्डरविक नावाचे दोघे भाऊ सायकली बनवायचे. १९०४ साली त्यांनी मोटारी करायला घेतल्या. सात वर्षांत जेमतेम एक्केचाळीस झाल्या. मग एका बड्या कंपनीने कारखाना विकत घेतला, साचे मोडीत काढले आणि सगळ्या वह्या भट्टीत घातल्या. एक्केचाळिसावी गाडी मी. कारखान्याचं नाव आणि तो आकडा माझ्या पितळी पाटीवर अगदी उथळ कोरलेला होता. काय तोरा होता मला त्या पाटीचा!

जहाजाने मी अमेरिकेत आले. एका डॉक्टरांना वीस वर्षं फिरवलं. ते वारले आणि मी शेतावरच्या कोठारात जाऊन पडले. माझ्या गादीवर कोंबड्यांनी अंडी घातली, तरी कुणी विचारलं नाही.

१९८१ साली तिथल्याच श्रूजबरी गावच्या प्रतापकाकांनी मला घरी आणलं. ते इंजिनिअर. दर शनिवारी खपून त्यांनी माझं इंजिन चालू केलं. त्यांच्या बायकोने, लतिकाकाकूंनी, पाटीचा ताबा घेतला. दसरा आला की चिंच-मीठ लावून तारेच्या घासणीने ती खसाखसा घासायच्या, मग हळदकुंकू, फुलं, पुढ्यात नारळ. मी सुखावत होते. मूर्खच मी!

१९८७ मध्ये काकांना टेक्सासला नोकरी लागली. तिथे मला ठेवायला जागा नव्हती. एका संग्रहालयाने कळवलं, की शेवटची एल्डरविक असेल तर आम्ही घेऊ. नाहीतर माझे भाग सुटे करून विकण्यावाचून इलाज नव्हता. वह्या जळालेल्या, तेव्हा पाटी हाच काय तो पुरावा.

तपासनीस आला. त्याने भिंग लावून पाहिलं. पाटी लखलखत होती आणि तिच्यावर एकही अक्षर उरलं नव्हतं.

"एक्केचाळीस होतं," काकू म्हणाल्या. "मीच दरवर्षी त्याच्यावर कुंकू लावायचे."

काकांनी ते इंग्रजीत सांगितलं. माणूस सभ्य होता, पण आठवणीवर शिक्का मारता येत नाही म्हणाला. कागदावर त्याने लिहिलं, 'कारखाना अज्ञात.' काकू माझ्या पायरीवर बसून रडल्या. मला त्यांची दया आली नाही. वह्या जाळणाऱ्यांना मी नकोशी होते, यांना तर हवी होते!

आज माझी चाकं एका हॉटेलच्या भिंतीवर टांगलेली आहेत. इंजिन भंगारात गेलं. पाटी तेवढी काकूंनी विकली नाही. ती टेक्सासच्या घरी देव्हाऱ्याशेजारी आहे आणि तिथूनच मी बोलते आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर जपा. पण घासायला घेण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि वहीत उतरवून ठेवा. काकू आता मला घासत नाहीत. दसऱ्याला त्या कोऱ्या पितळेवर कुंकवाच्या बोटाने एक्केचाळीस लिहितात, आणि दुसऱ्या दिवशी ते गळून पडतं.