आकारामाच्या जाकिटाची झिप

कवठे महांकाळात इलाही शिंप्याच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘सर्व प्रकारचे कपडे शिवून व दुरुस्त करून मिळतील.’ त्यातल्या ‘सर्व’वर इलाहीचा भारी जीव. त्यानं एकदा एका म्हशीला झूल शिवली, तेव्हा ती माप द्यायला पोट आत ओढून उभी राहिली होती म्हणे. खोटं असेल, पण झूल बसली होती बरोबर.

सेहेचाळीस साली पलटणीतून सुटून आलेल्या आकारामानं एका बाजारच्या दिवशी त्याच्यापुढं खाकी जाकीट टाकलं. त्याला गुंड्याच नव्हत्या. दोन्ही काठांना पितळेचे बारीक दात, मधे सरकणारी कडी, आणि ती छातीपाशी अडकलेली.

समोरचा चहावाला तात्याबा लगेच डोकावला. “न्हाई जमलं तर सांगा, इलाहीभाई. पाटीवरच्या ‘सर्व’वर चुन्याचा हात मारतो.”

“बाजार उठायच्या आत करतो. न्हाई झालं तर मार खुशाल,” इलाही चारचौघांत बोलून बसला. मग आकारामाला म्हणाला, “हिला म्हणत्यात काय?”

“झिप.”

“म्हंजे रं?”

“म्हंजे नुसता आवाज, चाचा. गोळी कानाजवळनं जाती तवा वाजतंय न्हवं, झिप्प! गोरे आधी त्यालाच झिप म्हणायचे. ही कडी ओढली की तसंच वाजतंय, म्हणून हिचंबी नाव तेच. आमचा सार्जंट सांगायचा.”

“आपल्या फटफटीवाणीच की! मग हिचं दुखणं कानालाच कळंल.”

इलाहीनं दातांना मेण चोळलं, डोळे मिटले आणि कडी हळूहळू ओढली. जिथं ‘कर्र’ वाजेल तिथला वाकडा दात पकडीनं सरळ करायचा. असे सात निघाले. शेवटी त्यानं कडी खालून गळ्यापर्यंत नेली.

झिप्प!

आकारामाची मान खांद्यात गेली. चेहरा पांढराफटक. तो म्हणाला, “लय बरोबर केलंसा, चाचा. आता काढून टाका ती. परत येताना बोटीत अडकली तवापास्नं आवाज ऐकला न्हवता. वाटलं, इसरलो असंन. गुंड्या लावा, आन कुणाला सांगू नगा. सोयरीक चाललीया माझी. गडी भेकड हाय म्हणतील.”

इलाहीनं बाहेर पाहिलं. तात्याबा डब्यात चुना कालवत होता, भोवती पाचपंचवीस माणसं. दारात जाऊन एकदा कडी ओढली असती तरी पैज जिंकता आली असती.

त्यानं कात्री उचलली.

गुंड्यांचं जाकीट घालून आकाराम बाहेर पडताच तात्याबा ओरडला, “गुंड्या? हरला की, इलाहीभाई!”

आकारामानं बोलायला तोंड उघडलं, तसा इलाही मोठ्यानं म्हणाला, “हरलो रं, हरलो. मार चुना. पर हात आवर, पुढच्या अक्षरांवर शितोडं नगंत.”