पावशी आणि गायगोधनाचे कोहळे

मित्रांनो, पाटावर पाय दाबून बसायचे आणि उभ्या पात्यावर भाजी चिरायची, अशा अवजाराला तुमच्यापैकी काहीजण विळी म्हणत असतील. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडे तिला पावशी म्हणतात. मी तशीच एक पावशी आहे, आणि आता चांगली जुनी झाले आहे. माझे पाते झिजून अर्ध्यावर आले आहे. तरी माझ्या आयुष्यातील एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

१९५६ साली रामपायलीच्या चैतराम लोहाराने मला घडवले. बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची धाव असते. तशा एका मोडक्या धावेचा तुकडा तापवून, ठोकून त्याने माझे पाते केले आणि ते बिजा नावाच्या झाडाच्या लाकडी पाटात घट्ट बसवले. मला विकत घेतले राजेगावजवळच्या रुख्माबाईने. तिने पात्यावरून हलकेच बोट फिरवले आणि तोंड वाकडे केले.

“धार कमी वाटते गा, चैतराम.”

“तुया जिभेएवढी धार लावली असती बाई, तं मलेच भेव वाटलं असतं,” चैतराम म्हणाला. रुख्माबाई हसली आणि तिने मला टोपलीत ठेवले.

तिच्या घरी माझे दिवस सुखाचे गेले. वांगी, दोडकी, कोचईची म्हणजे अळूची पाने, सारे माझ्याच पात्यावर चिरले जाई. काम संपले की रुख्माबाई मला धुऊन कोरडी करी आणि जवसाच्या तेलाचे बोट पात्यावर फिरवी. मग भिंतीकडे तोंड करून मला उभी ठेवी. चुलीच्या धुराने ती आंधळ्यासारखी झालेली असे, तरी तिचा हात कधी चुकला नाही. पुढे सून कमला आली. तिचा हातही तसाच सरावाचा होता.

फक्त एक वस्तू या दोघी माझ्यावर चिरत नसत. ती म्हणजे अख्खे लाल कोहळे, तुमचा लाल भोपळा. आमच्याकडे अशी समजूत होती की अखंड कोहळे म्हणजे घरचा थोरला मुलगा. बाईने त्याच्यावर पहिला घाव घातला, तर तो तिच्या थोरल्या लेकाला लागतो. म्हणून पहिला घाव घरच्या पुरुषाने घालायचा. त्याने कोहळ्याची दोन भकले केली, की पुढच्या फोडी बायकांनी कराव्यात. घरात पुरुष असताना शेजाऱ्याला बोलावणे म्हणजे त्या पुरुषाची इज्जत काढणे. ज्या हातांना माझी रोजची ओळख होती, त्यांनी दूर बसायचे. वर्षात एकदा माझ्याजवळ येणाऱ्याने सर्वांत कठीण काम करायचे. हे मला तेव्हाही विचित्र वाटे, पण पावशीला कोण विचारतो?

रुख्माबाईचा नवरा होता तोवर हे काम तो करी. बालपणापासूनची सवय होती त्याला. तो वारला आणि घाव घालण्याचा मान थोरल्या मुलाकडे, कमलाच्या नवऱ्याकडे, तेजरामकडे आला. तेजराम तिरोडीच्या मँगनीजच्या खदानीत कामाला होता. घण मारून दगड फोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण माझ्यावर त्याने कधी एक मिरचीही चिरलेली नव्हती.

१९६४ सालची गोष्ट आहे. दिवाळीनंतरचा गायगोधनाचा, म्हणजे गाईगुरांच्या पूजेचा दिवस होता. त्या दिवशी आमच्या घरी कोहळ्याची भाजी होतेच. छपरावरच्या वेलाचे सर्वांत मोठे, दगडासारखे टणक कोहळे काढले होते. ते धुतले, त्याला हळदकुंकू लावले. ओले, गुळगुळीत कोहळे घेऊन तेजराम माझ्यासमोर बसला. शेजारचा प्रेमलाल, त्याचा बालमित्र, ओसरीवर बिडी ओढत होता.

तेजरामने कोहळे पात्यावर ठेवून दाबले. पाते दोन बोटे आत गेले आणि अडकले.

“काहून गा तेज्या,” प्रेमलाल हसला, “खदानीत पहाड फोडतेस अन् घरी कोहळं फुटत नाही?”

“थांब नं, फुटते!”

तेजरामने डाव्या हाताने कोहळे खालून धरले आणि उजवी मूठ वरून हाणली. जोर करताना त्याचा पाय माझ्या पाटावरून सरकला. पाट उचलला गेला, ओले कोहळे गरकन फिरले, आणि माझे पाते त्याच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल घुसले.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. मला थांबता येत नाही. थांबता आले असते, तर त्या दिवशी मी थांबले असते.

रुख्माबाईने पदर फाडून हात बांधला. गोंदियाच्या डॉक्टरने टाके घातले, पण तो अंगठा पुन्हा नीट वाकला नाही. दोन महिने तेजराम घरी बसून होता. खदानीत परत गेला, तेव्हा त्याला घण धरवेना. मुकादमाने त्याला दगड निवडण्याच्या हलक्या कामावर घेतले आणि बजावले, “हात आणखी बिघडला तर इकडे येऊ नको.”

आणि मी? रुख्माबाई मला म्हणाली, “रांडे, माया लेकाचं रगत पेलीस!” तिने मला माळ्यावर भाताच्या कोठीमागे फेकले. वर्षभर मी तिथे पडून होते. पात्यावर गंज चढला, कोळ्यांनी जाळी विणली. खाली दुसऱ्या पावशीवर भाजी चिरल्याचा आवाज येई. राग मला आला नाही. आपण गुन्हा केला की नाही, एवढेच मला उमगत नव्हते.

पुढच्या वर्षी पुन्हा गायगोधन आले. नवी पावशी बाजारची, हलकी होती. वांग्याला ठीक, कोहळ्यापुढे तिचे पाते डुगडुगे. म्हणून कमलाने मला माळ्यावरून उतरवले आणि दगडावर घासून धार लावली. तेजराम सुट्टीवर आला होता. तो हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसला. त्याचा डावा अंगठा काठीसारखा ताठ होता. कोहळे त्याच्या पकडीत धड बसेना.

“राहू दे बापू,” रुख्माबाई म्हणाली. “यावर्षी भाजी नाही केली तं काय होते?”

“गावभर होईल,” तेजराम म्हणाला. “तेजरामले कोहळ्याचं भेव वाटते म्हणतील. सरक, माय.”

कमला हळूच म्हणाली, “आत्याबाई, मी कापू का?”

“तू?” रुख्माबाई एकदम वळली. “तुया कडेवर लेकरू हाय वं. त्याच्यावर घाव नेतेस काय?”

तेजरामने कोहळे उचलले आणि पाय पाटावर ठेवला. रुख्माबाई त्याच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मग तिने पुढे होऊन त्याच्या हातातून कोहळे काढून घेतले.

“ऊठ.”

“माय, तू काय करून राह्यली?”

“मागच्या साली मी दूर बसली. बाईचा हात लागला नाही, तरी घाव माया थोरल्या लेकालेच लागला नं? आता माया हातानं लागते का नाही, ते मले पाहू दे. ऊठ म्हणते नं!”

तेजराम उठला. तिने त्याला समोर, भिंतीशी बसवले. “तिथंच बस. मले दिसला पाह्यजे.”

मग ती घाई न करता कामाला लागली. तिने कोहळे फडक्याने पुसून खडखडीत कोरडे केले. वरवंट्याने देठ ठोकून पाडला. कोहळे थोडा वेळ गरम राखेत फिरवले, तेव्हा त्याची साल नरमली. राख झटकून, डोक्यावर घागर ठेवायची कापडाची चुंबळ खाली घालून, तिने कोहळे त्यात बसवले. ते तसूभरही हलेना. चाकूच्या टोकाने देठाच्या बाजूच्या खाचेत तिने एक चीर पाडली. त्यानंतर ती माझ्यावर बसली. पाय पाटावर घट्ट, दोन्ही हात कोहळ्याच्या दोन्ही कडांना, बोटे पात्यापासून लांब. चीर माझ्या पात्यावर टेकवून तिने कोहळे हळूहळू पुढे ढकलले.

ढकलले आणि तेजरामकडे पाहिले. तो बसला होता. थोडे आणखी ढकलले आणि पुन्हा पाहिले. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण हात स्थिर होते. मूठ नाही, झटका नाही. खाचेखाचेने कोहळे फिरत गेले आणि शेवटी आपल्याच वजनाने कर्रकन उघडले. आत केशरी गर आणि ओल्या बिया होत्या.

रुख्माबाईने दोन्ही भकले खाली ठेवली. ती तेजरामजवळ गेली आणि तिने त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग ती तिथेच भुईवर बसून रडली. तेजराम म्हणाला, “माय, भाजी तं घाल आता. भूक लागली.”

गावात ही गोष्ट लपली नाही. दोन दिवसांनी गावातली तुळसाबाई विहिरीवर तिला म्हणाली, “अवं रुख्मे, लेकाले काही झालं तं नाही?”

“झालं नं! भात जास्त खाल्ला त्यानं.”

त्यानंतर त्या घरात कोहळे रुख्माबाईच कापत आली. ती थकल्यावर कमला कापू लागली. सुरुवातीला तीही दर वेळी ढकलताना आपल्या लेकराकडे पाही. मग एके वर्षी पाहायची विसरली.

मित्रांनो, मोठे माणूस जवळ नसताना माझ्याकडे येऊ नका. कोहळे कापणाऱ्याला हसू नका आणि घाई करू नका. कोहळ्याचे अंग कोरडे असू द्या, त्याचे बूड स्थिर असू द्या, आणि अख्ख्या कोहळ्याची साल सोलत बसू नका, ती फोडी झाल्यावर निघते. माझी धार जपा, कारण बोथट पात्यावर माणूस मूठ मारतो. काम झाले की मला भिंतीकडे तोंड करून ठेवा. कोहळे आणि अंगठा यांतला फरक मला कळत नाही. तो तुम्हालाच ठेवावा लागेल.