साखर निर्दोष कधी सुटणार?

त्या शनिवारी मी सासऱ्याला वाईट बातमी द्यायला निघाले होते. चार वर्षांची टूव्हा मागच्या सीटवर बूट आपटत गात होती आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. "एव्हर्ट, राग मानू नकोस, पण शनिवारचा खाऊ आता बंद."

खाऊ बंद म्हणजे त्याचा शनिवारच बंद, हे मलाही कळत होतं. एव्हर्ट एकटा राहतो. नात आली की दोघं हातात हात घालून दुकानात जातात, छोट्या फावड्याने कागदी पिशवीत रंगीत गोळ्या भरतात आणि घरी येतात. बस, एवढंच. पण तेवढ्यासाठी तो दाढी करतो, इस्त्रीचा सदरा घालतो आणि आमची गाडी वळायच्या आत खिडकीत येऊन उभा राहतो.

पण मी आई आहे. हिवाळाभर पाहत होते. शनिवार आला की पोरगी चेकाळणार, सोफ्यावरून उड्या, किंचाळ्या, आणि रात्री झोपेचं नाव नाही. साखर, दुसरं काय? मी फोनवर शोधलंही होतं. 'साखरेने मुलं का चेकाळतात' असं लिहिलं की अख्खं जग माझ्या बाजूने उभं राहायचं.

"'चेकाळतात का' असं विचारून बघ की एकदा," हाम्पुस म्हणाला होता.

"तू नवरा आहेस माझा की बापाचा वकील?"

तर, आम्ही पोहोचल्यावर नेहमीप्रमाणे आजोबा आणि नात दुकानात गेली. मी स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसले, वाक्यं घोटत. थोड्या वेळाने दार उघडलं आणि टूव्हा वादळासारखी आत शिरली. एक बूट दारात, एक थेट बैठकीत. सोफ्याच्या उशा खाली पडल्या.

"फारफार, खाली बर्फ आहे! मी अस्वल!" आजोबांना ती फारफार म्हणते. अस्वलाने सोफ्यावरून झेप घेतली आणि फुलदाणी थोडक्यात वाचली.

मला चक्क आनंद झाला. इतका चोख पुरावा, तोही आरोपीच्याच घरात!

"बघ!" मी उभीच राहिले. "हेच म्हणते मी. ही साखर आहे, एव्हर्ट. पुढच्या शनिवारपासून हे बंद."

एव्हर्ट कोट काढत होता, त्याचा हात बाहीतच राहिला. मग खिशातून कागदी पिशवी काढून त्याने माझ्यासमोर ठेवली. तोंडावर दुकानाची चिकटपट्टी तशीच होती.

"एकही गोळी खाल्लेली नाही तिने. म्हणाली, घरी जाऊन टेबलावर बसून खायच्या."

आता शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही?

"म्हणजे खाऊ मिळणार म्हणून चेकाळली," मी म्हटलं. "दोष साखरेचाच."

एव्हर्टला हसू आवरेना. "वा गं यल्वा! खाल्ली तरी साखर, नाही खाल्ली तरी साखर. आणि पोर गप्प बसून राहिली असती तर?"

"तर साखरेने गळून गेली म्हटलं असतं." तोंडातून निघून गेलं आणि माझे कान तापले.

"मग बिचारी साखर निर्दोष सुटणार कधी? काय घडलं तर तू म्हणशील, चुकलं बुवा माझं?"

हिवाळाभर मी पुरावे गोळा केले होते, पण हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता. मी हाम्पुसला फोन लावला.

"टूव्हा गोड न खाता कधी अशी करते का रे?"

"गुरुवारी. पोहून आलो की जिन्यात लांडग्यासारखी ओरडते. तू कामावर असतेस."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की! तू म्हणालीस, भूक लागली असेल."

म्हणाले होते खरी. आणि बहिणीच्या बाळाच्या बारशाला केकवरचा अख्खा साखरेचा गुलाब खाऊन ही पाहुण्यांच्या कोटांच्या ढिगावर झोपून गेली होती. ते मी विसरले नव्हते, फक्त हिशेबात धरलं नव्हतं.

"आणि शनिवारी तिकडून घरी येताना ती गाडीत गाढ झोपते," हाम्पुस म्हणाला. "मग रात्री कशी झोपेल?"

मी फोन ठेवला. "एव्हर्ट, पिशवी उघड. आधीच बोलून ठेवते. खाऊन ती पुन्हा सोफ्यावर चढली तर माझं खरं. नाही चढली तर मी हरले. मागाहून सबबी सांगायच्या नाहीत."

"ठरलं," म्हणत त्याने हात पुढे केला.

टूव्हा टेबलाशी बसली. तिने गोळ्या रंगाप्रमाणे वेगळ्या केल्या, तिला न आवडणाऱ्या, माशाच्या आकाराच्या काळ्या खारट गोळ्या फारफारच्या बशीत टाकल्या आणि गुणगुणत एकेक खाऊ लागली. आमची दुसरी कॉफी संपली. मग तिने कात्री आणि कागद मागितला. सोफ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"अरे," मी हरखून म्हटलं, "म्हणजे साखरेने मुलं शांत होतात!"

एव्हर्टने चष्म्यावरून पाहिलं. "झालं! लागला नवा खटला."

मी जीभ चावली आणि हसतच सुटले. एका दुपारवरून दोन्हीतलं काहीच ठरत नव्हतं. ठरत होतं ते इतकंच, की ज्या गोष्टीची मला खात्री नव्हती, तिच्यासाठी मी एका माणसाचा शनिवार काढून घेणार होते.

तो कप विसळायला उठला. पाठ माझ्याकडे करूनच म्हणाला, "मग पुढच्या शनिवारचं काय?"

"पुढच्या शनिवारी मी येणार नाही."

त्याचे हात थांबले.

"टूव्हाला हाम्पुस सोडेल," मी घाईने म्हटलं. "तुम्ही दोघंच. पहारा नको."

तो वळला. चेहऱ्यावरचं हसू लपवायला त्याने उगीचच नळ घट्ट केला. "आणि तू काय करणार?"

"झोपणार."

"टूव्हा," तो म्हणाला, "आईला एक गोळी दे. दमलीये बिचारी."

टूव्हाने कात्री बाजूला ठेवली, उरलेला ढीग नीट न्याहाळला, आणि फारफारच्या बशीतला एक काळा मासा उचलून माझ्या हातावर ठेवला.