पहिली वेळ वगळून

"पहिली वेळ काढून टाक गं," मुकुल म्हणाला. "ती नेहमीच वाईट येते, वॉर्म-अप असतो तो. बाकीच्यांचं अ‍ॅव्हरेज दे. उद्या रिलीज आहे."

क्षमाने काढून टाकली. प्रोग्राम चालायला किती वेळ घेतो ते मोजणं हेच तिचं काम, आणि पहिली वेळ सोडून द्यायची ही टीमची जुनी पद्धत. या अ‍ॅपमध्ये वाचा गेलेल्या माणसाने चित्रावर बोट ठेवलं, की त्याच्या वतीने फोन बोलायचा. पहिल्यांदा बोट ठेवलं, की सगळे आवाज उघडेपर्यंत तो अडायचा, मग मात्र पोपटासारखा बोलायचा.

दुसऱ्यांचा वेळ मोजणाऱ्या या बाईला स्वतःला धीर म्हणून नाही. लिफ्टचं बटण ती दाबतच राहणार. त्या संध्याकाळी जयनगरला वडिलांकडे जातानाही "स्वल्प बेगा होगी", जरा लवकर चला, असं कन्नडमध्ये म्हणत तिने रिक्षावाल्याचं डोकं खाल्लं.

वडिलांची वाचा दिवाळीत गेली होती. गेल्या आठवड्यात तिने हेच अ‍ॅप त्यांच्या जुन्या फोनवर टाकून दिलं होतं, केवढ्या हौसेने!

"वापरता ना, बाबा?"

बाबांनी फोन उचलला, एका चित्रावर बोट ठेवलं. फोन गप्प. बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"पाणी हवंय? थांबा, आणते." ती उठलीसुद्धा.

स्वयंपाकघरात ती पेला भरत होती, तेव्हा बाहेरून फोनचा स्वच्छ आवाज आला, "इथे बस."

ती धावत आली. फोन पलंगावर पालथा होता, बाबांचं तोंड खिडकीकडे.

"परत दाबा ना, आता लगेच बोलेल."

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"रोज असंच होतं, अक्का," त्यांचं सगळं करणाऱ्या जमनाबाई म्हणाल्या. "दिवसातनं दोन-तीनदा हात लावतात. ते बोलेस्तोवर समोरचं माणूस उठून गेलेलं असतं."

क्षमाच्या लक्षात आलं. मधल्या वेळात फोन सगळं विसरत होता. बाबांच्या वाट्याला दर वेळी पहिलीच वेळ येत होती.

तिने मुकुलला फोन लावला. "रिपोर्ट पाठवू नकोस. पहिली वेळ परत घालतेय."

"अगं, रिलीज अडकेल! वेडी आहेस का?"

"अडकू दे."

तिने फोन सुलटा करून बाबांच्या हाताशी ठेवला आणि स्टुलावर बसली. पाय हलायला लागला, तो तिने दाबून धरला. एवढं स्वस्थ ती कधीच बसली नव्हती.

बाबांनी फोनला हात लावला नाही. खिडकीकडचं तोंड त्यांनी तिच्याकडे वळवलं.