मामलेदार आणि फायबरचा वाघ

गोटीराम प्राणिसंग्रहालयात नोकरीला लागला तेव्हा तिथे खराखुरा वाघ होता. त्याची डरकाळी थेट पंचवटीपर्यंत ऐकू जायची, निदान गोटीराम तरी तसं छातीठोकपणे सांगतो. पुढे नियम बदलले. वाघाला मोकळ्या रानातल्या मोठ्या उद्यानात नेलं, बरंच झालं बिचाऱ्याचं. मग हरणं गेली, मोर गेले. रिकाम्या पिंजऱ्याचे गज काढून तिथे फायबरचा वाघ बसवला आणि वर पाटी लावली, 'सेल्फी पॉइंट'. हात्तिच्या! हा कसला वाघ?

जिवंत असं उरलं एक कासव. वाघासमोरच्या हौदात ते तीस वर्षं राहत होतं. कुणी कितीही बोंबललं तरी मान बाहेर काढायचं नाही, म्हणून गोटीरामने त्याचं नाव ठेवलं मामलेदार. गोटीराम पालकाची जुडी घेऊन आला की मात्र मामलेदारांची मान लगेच बाहेर.

आणि परवा प्राणिसंग्रहालयाचे नवे अधिकारी धनराज साहेब सांगून गेले, "सोमवारी हौद बुजवायचा. पार्किंग करायचंय. कासव पाठवू कुठेतरी."

त्या 'कुठेतरी'ने गोटीरामचा जीव कासावीस झाला. रात्रीची भाकरी तशीच ताटात राहिली.

"अवो, सोमवारी वाघबारस हाय," भागीबाई म्हणाली. "आपल्या गावाकडं, पेठला, त्या दिवशी काय करत्यात?"

"वाघदेवाला शेंदूर लावत्यात. पन इथं वाघ कुठंय?"

"मंग तो पिवळा कोन उभा हाय?"

गोटीराम बायकोकडे बघतच राहिला. चाळीस वर्षं संसार केला, पण ही बाई एवढी बेरकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी फायबरचा वाघ नखशिखांत शेंदरी झाला. गळ्यात झेंडूची माळ, पुढे नारळ, उदबत्ती. हौदाच्या काठावर, वाघाच्या अगदी समोर, गोटीरामने पालक ठेवला. मामलेदार हळूहळू वर आले आणि ऐन जागी बसून चरू लागले.

दहा वाजता जेसीबी घेऊन साहेब आले. तावातावानं आले, शेंदूर दिसला आणि थबकले. पायातले बूट आपोआप निघाले. ते वाकले, कुठल्याही देवळात वाकतात तसे, सवयीने कासवाच्या पाठीला बोटं लावून कपाळाला लावली आणि मग वाघापुढे हात जोडले.

गोटीरामने त्यांना डोळे उघडू दिले. मग अगदी गरीब चेहरा करून विचारलं, "साहेब, हौद बुजवायचा नं?"

साहेबांनी वाघाकडे पाहिलं, कासवाकडे पाहिलं, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. घसा खाकरून ते जेसीबीकडे वळले, तर तिथे कुणीच नव्हतं.

"डायवर कुठे गेला रे?"

"नारळ आनायला गेलाय साहेब," गोटीराम म्हणाला. "तुमच्यासाठी पन एक सांगितलाय."